पाटी डोक्यावर, पाय पायडलवर

मी सायडिंग बोलतेय. फलकावर माझं नाव 'सायकल मार्गिका' असं आहे, विठ्ठलवाडीहून येणारी पोरं मला 'ट्रॅक' म्हणतात, आणि अंबरनाथची मंडळी 'आमचा जॉगिंगचा रस्ता' म्हणतात, जणू मी त्यांच्या सातबाऱ्यावर आहे. पण बोरपाड्यातल्या जुन्या बायका मला अजून सायडिंगच म्हणतात. लहानपणीच्या नावाने कुणी हाक मारली की बरं वाटतं, म्हणून मीही तेच सांगते.

माझी लांबी साडेसात किलोमीटर. एक टोक अंबरनाथच्या कारखान्यांमागे, दुसरं बदलापूरच्या अलीकडे, आणि मधोमध बोरपाडा. रुंदी विचारू नका. बाईला ती विचारत नाहीत.

माझा जन्म कारखान्यांच्या भरभराटीतला. बदलापूरकडच्या खाणीतली खडी आणि कारखान्यांचा माल यांच्यासाठी रेल्वेला एक फाटा हवा होता, तो म्हणजे मी. आधी मुरूम, मग खडी, मग लाकडी स्लीपर आणि त्यावर रूळ. मुकादमाने पहिल्या स्लीपरवर नारळ फोडला आणि खोबरं सगळ्या गँगला वाटलं. माझ्या वाट्याला नुसतं पाणी आलं.

दिवसातून दोनदा मालगाडी यायची, तीसुद्धा चालत्या माणसाच्या वेगाने. बोरपाड्याच्या फाटकाशी ती शिट्टी द्यायची आणि त्या शिट्टीवर पाड्यातल्या बायका चुलीवर भात ठेवायच्या. गाडी वेळेवर कधीच नसायची, त्यामुळे पाड्यात जेवणं रोज वेगळ्या वेळी व्हायची. त्याबद्दल कुणाची तक्रार मात्र नव्हती.

मग खाण बंद पडली. गाड्या थांबल्या, रूळ गंजले, आणि एक दिवस गॅसकटर घेऊन माणसं आली. त्यांनी माझे रूळ कापले, ट्रकमध्ये भरले आणि नेले. खरं सांगते, फार वाईट वाटलं. रूळ नसलेली सायडिंग म्हणजे काय, तर मुरुमाचा लांबच लांब ढिगारा. लोकांनीही मला तसंच वागवलं. माणसाची एक गंमत मी तेव्हा पाहिली. कचऱ्याची पहिली पिशवी टाकणारा इकडेतिकडे बघून टाकतो, दुसरा त्या पिशवीकडे बघून टाकतो, आणि तिसऱ्याला वाटतं ही जागाच त्यासाठी आहे. माझ्या अंगावर फुटकी बेसिनं आली, गाद्या आल्या, मखरांचं थर्माकोल आलं. एकदा तर अख्खा सोफा आला. त्या सोफ्यावर एक कुत्री तीन वर्षं राहिली आणि दोनदा बाळंत झाली, तेवढाच त्याचा उपयोग.

माझ्या शेजारून बारवी धरणाच्या पाण्याची पाइपलाइन जाते. तिच्या पोटात गावोगावचं पाणी, म्हणून बाईसाहेबांचा तोरा केवढा! तिला जरा कुठे गळती लागली की साहेब जीप घेऊन धावत यायचे. मी तिच्या शेजारी कचऱ्यात पडलेली असायचे आणि माझ्याकडे ढुंकून कुणी बघायचं नाही. शेजार चांगला असला की आपली गरिबी जास्त दिसते, हे मी तेव्हा शिकले.

चार वर्षांपूर्वी माझे दिवस पालटले. आधी टेप घेऊन माणसं आली, मग जेसीबी, मग रोलर. बाभळी निघाल्या, सोफा निघाला, कुत्री रागावून पाइपलाइनच्या पलीकडे राहायला गेली. माझ्या अंगावर डांबर चढलं, कडेला पांढरे पट्टे आले, नाल्याच्या मोरीला कठडे आले, बसायला बाकं आली. फटफटी शिरू नये म्हणून दोन्ही टोकांना आणि पाड्याच्या फाटकाशी लोखंडी खांब रोवले. फीत कापायला आलेल्या पाहुण्यांनी सायकलवर बसून फोटो काढला. सायकल दोघांनी धरून ठेवली होती, ते फोटोत आले नाहीत.

तेव्हापासून माझी सकाळ मजेत जाते. मला माणसं कळतात ती त्यांच्या चाकांवरून. महागड्या सायकलीचं चाक कुजबुजत जातं, जुन्या सायकलीचं बोलत जातं, आणि विठ्ठलवाडीजवळच्या कॅम्प चारच्या दुकानात पाच सायकलींचे भाग जोडून केलेल्या सायकलीचं भांडत जातं. काही लोक व्यायामाला येतात, काही व्यायामाचा फोटो काढायला येतात. रविवारी पंधरा किलोमीटर मारून बदलापूरच्या टोकाला दोन-दोन वडापाव खाणारे पुष्कळ आहेत. मी त्यांना नावं ठेवत नाही. त्यांच्यामुळे टोकाच्या वडेवाल्याची परिस्थिती सुधारली आहे.

माझ्या नेहमीच्या माणसांत अंबरनाथचं एक जोडपं आहे. चिंतामणराव कारखान्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या सायकलला एकवीस गिअर आहेत आणि मोबाइलवर वेग दाखवणारं अॅप आहे. त्यांचा सरासरी वेग किती, हे माझ्यावरच्या प्रत्येक बाकाला माहीत आहे. कुमुदिनीबाई त्यांच्या पत्नी. त्यांनी तीस वर्षं मराठी-इंग्रजी टायपिंगचा क्लास चालवला. साठीला सायकल शिकल्या, वर्षभर पडल्या, आणि आता लेडीज सायकलवर सरळ बसून सावकाश येतात. नवऱ्याच्या वेगाचा विषय निघाला की त्या म्हणतात, "हो, पण तुम्हाला वाटेत काय दिसलं ते सांगा." चिंतामणरावांना वाटेत काहीच दिसलेलं नसतं.

आणि मग राजाबाई.

राजाबाई बोरपाड्याच्या. वय साठीच्या पुढे. नऊवारी लुगडं काष्टा मारून नेसतात आणि चाळीस वर्षं बदलापूरच्या बाजारात भाजी विकतात. घरामागच्या तुकड्यात मुळा, मेथी, लाल माठ, थंडीत वालाच्या शेंगा पिकवायच्या आणि पाटी डोक्यावर घेऊन माझ्यावरून चालत जायचं, हा त्यांचा नेम. माझ्यावर रूळ होते तेव्हा स्लीपरमागून स्लीपर टाकत जायच्या, कचरा होता तेव्हा कचऱ्यातून जायच्या. लोकांनी मला टाकलं होतं त्या वर्षांतही ज्या एका बाईच्या पायांनी मला रस्ता मानलं, ती ही. म्हणून तिची गोष्ट सांगितल्याशिवाय माझी गोष्ट पुरी होत नाही.

गेल्या दोन वर्षांत त्यांचे गुडघे गेले. पूर्वी तासाभरात तुटणारी वाट दोन तास घेऊ लागली. रिक्षावाले पाटी बघून थांबायचे नाहीत. मग मुलगा, सनी, मोटारसायकलवरून रस्त्याने सोडायचा. पण त्याला अंबरनाथच्या एका कंपनीत नोकरी लागली, शिफ्टची. एक दिवस मायलेक फाटकाशी बोलत उभे होते, ते मी ऐकलं.

"आये, आता बस घरी. मी कमावतोय ना? टेन्शन कायको लेती है?"

"घरी बसून काय करू? भित्ताड बगू?"

"टीव्ही बघ. सगळ्यांच्या आया बघतात."

राजाबाई वळल्या. त्या दिवशी त्या ज्या पावलांनी परत गेल्या, ती पावलं मला ओळखू आली नाहीत, इतकी ती हळू होती.

पौषाच्या सुरुवातीला बाजारातून निरोप आला. भाजीवाल्यांच्या जागा आता आखून देणार होते. संक्रांतीनंतरच्या सोमवारी सकाळी आठ वाजता टेप लावून मोजणी, जो माल घेऊन आपल्या जागेवर बसलेला असेल त्याच्या नावाने जमिनीवर चौकोन आणि नंबर. जो नसेल त्याची जागा दुसऱ्याला. राजाबाईंची जागा पिंपळाच्या पाराला लागून, चाळीस वर्षांची. यादीत ती त्यांच्या नवऱ्याच्या नावावर होती, आणि नाथा जाऊन सात वर्षं झालेली. आता ती जागा गेली असती तर राजाबाई खरोखरच घरी बसल्या असत्या.

त्याच आठवड्यात सरकारी दवाखान्यात त्यांना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, डोक्यावर ओझं घेऊन चालणं बंद करा. आणि रोज पंधरा मिनिटं सायकल करा. गुडघ्याला चांगली." पुढचं बोलणं राजाबाईंनी ऐकलंच नाही. दुसऱ्या दिवशी त्या मोरीच्या कठड्याशी उभ्या राहिल्या आणि कुमुदिनीबाईंना हात करून थांबवलं.

"बाय, मना सायकल शिकवशील?"

कुमुदिनीबाई उतरल्या. सगळं ऐकून घेतलं आणि हसू दाबत म्हणाल्या, "राजाबाई, डॉक्टर म्हणाल्या ती सायकल वेगळी. उताणं झोपायचं आणि पाय हवेत फिरवायचे. तो व्यायाम असतो."

"झोपून सायकल?" राजाबाईंनी डोळे मोठे केले. "झोपून कंचा बाजार गाठतात?"

तीन आठवडे हातात होते. कुमुदिनीबाईंनी आपली सायकल पुढे केली.

चिंतामणरावांनी लगेच मार्गदर्शन सुरू केलं. गुरुत्वमध्य, हँडलचा कोन, टायरमधली हवा. राजाबाईंनी ते सगळं शांतपणे ऐकलं आणि कुमुदिनीबाईंना विचारलं, "यांना घरी कोन ऐकतं?" चिंतामणराव आपल्या सरासरी वेगाने पुढे निघून गेले.

आता एक कौतुकाची गोष्ट. नवा माणूस सायकल शिकतो तेव्हा पुढच्या चाकाकडे बघतो, आणि चाकाकडे बघितलं की पडतो. माझ्यावर शेकडो जण असे पडले आहेत. राजाबाईंची नजर पहिल्या दिवसापासून समोर. चाळीस वर्षं डोक्यावर पाटी वाहिलेली मान खाली वाकतच नाही. लुगड्याचा काष्टा तर सायकलसाठीच केलेला, ना चेनमध्ये अडकणार, ना वाऱ्याने उडणार. कुमुदिनीबाईंची ओढणी तीनदा चेनमध्ये गेली होती, त्यांना हेवाच वाटला. "तीस वर्षं मी पोरींना सांगत आले, बोटांकडे बघू नका, समोर बघा. तुम्हाला ते सांगावंच लागलं नाही," त्या म्हणाल्या.

तरीही राजाबाई पडायच्या. रोज आणि हमखास. सायकल दहा हात छान जायची, मग जरा डुलायची, आणि डुलली रे डुलली की राजाबाईंचा उजवा हात हँडल सोडून डोक्याकडे जायचा. वर पाटी नसायचीच. पण तोल गेला की आधी पाटी सावरायची, ही हाताची सवय. एक हात डोक्यावर, एक हँडलवर, आणि बाई माझ्या अंगावर. मी डांबर मऊ करू शकले असते तर केलं असतं, पण पौषातल्या सकाळी ते जमत नाही.

"हात खाली ठेवा, राजाबाई!"

"ठेवतंय की! त्यो आपला आपन जातो."

दहा दिवस झाले. कोपरं सोलवटली, एका पायडलचा दांडा वाकला. फिरायला येणारे थांबून बघू लागले. कुणी चांगलं म्हणायचं, कुणी म्हणायचं, या वयात कशाला. सनीला हे कळलं आणि तो सुट्टीच्या दिवशी तणतणत आला.

"आये, लोक व्हिडीओ काढतायत यार! हाड मोडलं तर? त्या सोमवारी माझी तिसरी पाळी आहे. सात वाजता सुटतो, सव्वासातला घरी येतो आणि सोडतो तुला बाजारात. बात खतम."

"आन् मंगळवारी?" राजाबाईंनी विचारलं.

सनी म्हणाला, "मंगळवारचं मंगळवारी बघू."

तो गेल्यावर राजाबाई मोरीवर बसल्या. पहिल्यांदाच त्यांचा धीर सुटलेला मी पाहिला. "बाय, माजं डोकंच हलकं लागतं गं. वर काय नसलं की वाटतं, पडलं. सगला माल पडला."

कुमुदिनीबाई उठून उभ्या राहिल्या. टायपिंगच्या क्लासमध्ये त्यांनी एक गोष्ट पाहिली होती. जुन्या मशीनवर शिकलेल्या मुली कॉम्प्युटरवर बसल्या तरी ओळ संपली की त्यांचा डावा हात हवेत दांडा ढकलायला जायचा. ओरडून ती सवय कधी गेली नाही. ज्या मुलीच्या हाताला त्या वेळेला दुसरं काम दिलं, तिची गेली.

"राजाबाई, उद्या पाटी घेऊन या."

"भाजीची?"

"डोक्यावर घेऊन या. हलकी. दोन-चार जुड्या टाका आत."

दुसऱ्या दिवशी राजाबाई पाटी घेऊन आल्या. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी, पाटीत मेथीच्या चार जुड्या. सायकलवर बसल्या. कुमुदिनीबाईंनी कॅरिअर धरलं आणि ढकललं. दहा हात गेल्या, वीस गेल्या, सायकल डुलली, आणि हात हँडलवरच राहिला! डोक्यावर वजन जागच्या जागी होतं, मान त्याला सावरत होती, हाताला वर जायचं कारणच उरलं नाही. भरली पाटी घेऊन, दोन्ही हात मोकळे सोडून ज्या बाईने उभा जन्म चालण्यात घालवला, तिला रिकामं डोकं पाडत होतं. भरलेल्या डोक्याने ती वाऱ्यासारखी निघाली. मोरीपासून पुढच्या आंब्याच्या झाडापर्यंत आणि तिथून परत. कुमुदिनीबाई मागून धावत होत्या आणि ओरडत होत्या, "सोडलंय मी! केव्हाच सोडलंय!"

तेवढ्यात समोरून चिंतामणराव आले. समोरून नऊवारीतली बाई डोक्यावर मेथी घेऊन सायकलवर येतेय हे पाहून ते सरळ गवतात गेले. त्या दिवशी त्यांना वाटेत काय दिसलं हे त्यांनी घरी आपणहून सांगितलं असेल. कारण दुसऱ्याच दिवशी ते कुमुदिनीबाईंची सायकल कॅम्प चारला घेऊन गेले आणि तिथल्या खूबचंदच्या दुकानात तिच्या मागे दुधवाल्यांसारखं मजबूत कॅरिअर बसवून आणलं. "साईं, कोणाला न्यायचंय एवढ्या कॅरिअरवर?" असं खूबचंदने विचारलं म्हणे, आणि चिंतामणराव म्हणाले, "मुळ्यांना." जड माल मागे, हलकी पाटी डोक्यावर, असा हिशोब ठरला. सायकल पुढचे काही महिने राजाबाईंकडे राहायची, हेही ठरलं.

संक्रांत गेली. सोमवार उजाडला.

फाटकाजवळच्या मोरीवर कुमुदिनीबाई आणि चिंतामणराव साडेसहापासून येऊन बसले होते. ठरलं होतं सनीने सोडायचं, तरी बाईंना राहवलं नव्हतं. राजाबाई फाटकाशी तयार उभ्या. कॅरिअरला मुळ्याच्या आणि माठाच्या दोन मोळ्या, पाटीत वालाच्या शेंगा. सव्वासात झाले. सनीचा पत्ता नाही. त्याच्या जागी येणारा माणूस आला नव्हता, म्हणून त्याला मशीनवर थांबवलं होतं, हे नंतर कळलं. सात वीस झाले.

"निघते," राजाबाई म्हणाल्या.

"आम्ही येतो बरोबर," चिंतामणराव म्हणाले.

"नको. तुमी पुढं असलात तर मी तुमच्याकडं बगीन. मागं असलात तर तुमचं बोलनं ऐकीन."

आणि त्या एकट्या निघाल्या. चार किलोमीटर. मी त्यांच्याखाली इतकी स्थिर राहिले की शेजारच्या पाइपलाइनलाही धडधड ऐकू आली असेल. पहिला किलोमीटर गेला, दुसरा गेला. आणि मग, खडी भरायच्या जुन्या धक्क्याच्या जरा पुढे, खट्ट आवाज झाला. चेन पडली.

राजाबाईंनी पाय टेकले. पाटी जागची हलली नाही. पण आता पंचाईत झाली. चेन बघायची तर वाकायला हवं, वाकायचं तर पाटी उतरवायला हवी, पाटी उतरवायची तर सायकल सोडायला हवी, आणि सायकल सोडली तर मागचा माल आडवा. उचलून द्यायला दुसरं माणूस लागतं, हे पाटी वाहणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. राजाबाई दोन्ही पाय रोवून, मान ताठ ठेवून उभ्या राहिल्या आणि समोर बघत राहिल्या. एक तरुण पळत आला, थांबला, म्हणाला, "वाव आंटी, अमेझिंग!" फोटो काढला आणि पळत गेला. एक बाई कानात गाणी घालून गेली, तिला हाक ऐकू आली नाही. पावणेआठ होत आले. मी काय करू शकत होते? रस्त्याला हात नसतात. त्या दिवशी मला त्याचा राग आला.

मग मागून पावलं आली. चालणारी नव्हेत, धावणारी, जड बुटांची. सनी. कंपनीचा निळा शर्ट अंगात, मोटारसायकल फाटकाच्या खांबांपाशी टाकून आलेला. खांबांतून ती शिरत नाही, हे मला त्या सकाळी पहिल्यांदाच बरं वाटलं नाही.

"आये! थांबली का नाही माझ्यासाठी?" त्याला दम लागला होता.

"तू कशाला धावतोस रातभर जागून? घरी बस की," राजाबाई समोरच बघत म्हणाल्या. "टीव्ही बग."

सनी हसला, की रडला, मला खालून नीट दिसलं नाही. तो गुडघ्यावर बसला, चेन उचलली, दात्यांवर चढवली, पायडल उलटं फिरवलं. हात काळे झाले ते त्याने माझ्यावर पुसले. मला ते नव्याने पट्टा रंगवल्यासारखं वाटलं.

"चल, मी ढकलतो. बस." त्याने कॅरिअर धरलं. आणि मग, आईच्या कानाशी नाही, पाठीशी, हळूच म्हणाला, "जोरात जा आये. आठला दहा कमी आहेत."

त्याने ढकललं. राजाबाई निघाल्या. तो शंभर हात मागे धावला, मग थांबला. कंबरेवर हात ठेवून बघत राहिला, आई लहान होत होत वळणापलीकडे जाईपर्यंत.

माझ्या टोकाला लोखंडी खांब आहेत. तिथून पुढे गावचा रस्ता, तो माझा नाही. खांबांतून चाक बाहेर पडलं त्या क्षणापासून मला काहीच कळेना. बाजार पलीकडे पाच मिनिटांवर आहे, पण माझ्यासाठी तो दिल्लीइतका लांब. आठ वाजले. नऊ वाजले. मागून चालत आलेला सनी टोकाच्या वडेवाल्याच्या बाकावर झोपून गेला होता. मोरीवरून कुमुदिनीबाई आणि चिंतामणराव येऊन पोचले. चिंतामणरावांनी त्या दिवशी अॅप सुरूच केलं नव्हतं.

साडेअकराला खांबांतून सायकल आत आली. राजाबाई हातात धरून चालत होत्या. पाटी रिकामी, कॅरिअर रिकामं. त्यांचा चेहरा बघून कुणालाच विचारवेना. त्यांनी सायकल कुमुदिनीबाईंच्या हातात दिली आणि बाकावर बसून पाणी प्यायल्या.

"मोजनी झाली," त्या म्हणाल्या. "मी बसले तवा मोजनारा माजे शेजारनीपाशी आला होता. मना विचारलं, नाव काय? मी म्हटलं, राजाबाय. तो म्हंतो, यादीत नाथा हाय, नवऱ्याचं नाव सांगा. मी म्हटलं, बाबा, नवरा जाऊन सात वर्सं झाली. तो काय येनार हाय का शेंगा इकाया? बसले कोन? मी. आले कोन? मी. तर लिव माजं."

"मग?" सनी उठून बसला होता.

"मंग काय, खोडलं त्यानं. खाली पिवल्या रंगानं चौकोन काढला, मधी नंबर, वर माजं नाव. रंग वला होता, म्हनून येल लागला. सुकेस्तवर मी कुनाला पाय ठेवू दिला नाय."

कुमुदिनीबाई त्यांच्या शेजारी बसल्या आणि त्यांचा हात हातात घेतला. तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांची नावं टाइप केली होती. सनीने आईची पाटी उचलून आपल्या डोक्यावर ठेवली. ती त्याच्याकडून दोन पावलंही टिकली नाही, घरंगळत वडेवाल्याच्या कढईपर्यंत गेली, आणि सगळे एकदम हसले. मला तर इतका आनंद झाला की सांगता सोय नाही. माझ्यावरून मालगाड्या गेल्या, खडीचे डोंगर गेले, पण या एका नावाइतकं महत्त्वाचं काही माझ्यावरून गेलं नव्हतं.

याला आता वर्ष होत आलं. सध्या माझं बरं चाललंय. एका ठिकाणी डांबराला भेग पडली आहे आणि तिच्यातून एक बाभूळ डोकं काढू बघतेय, पण ते वयाचं आहे. रविवारची जत्रा तशीच. कुत्री परत आली आहे, बाकाखाली राहते. बोरपाड्यातल्या आणखी चार बायका सायकल शिकल्या. सुट्टीच्या दिवशी सनी एकेकीचं कॅरिअर धरून धावतो आणि ओरडतो, "काकी, समोर बघ, चाकाकडे नको!" पाटी मात्र सगळ्या आपापल्या घरून आणतात. कुमुदिनीबाई बाकावर बसून देखरेख करतात. चिंतामणराव चेनींना तेल घालतात आणि मध्ये मध्ये गुरुत्वमध्याबद्दल बोलतात. आता बायका त्यांना ऐकून घेतात, कारण तेल चांगलं घालतात.

मी काही फार मागत नाही. माझ्यावर फिरा, धावा, फोटो काढा, वडापाव खा, कागद मात्र खिशात ठेवा. एवढंच करा, सकाळी सहा ते आठ माझी डावी बाजू मोकळी सोडा. मागून घंटी वाजली तर 'एवढी कसली घाई' असं म्हणत वळून बघत उभे राहू नका, आधी बाजूला व्हा आणि मग बघा. त्या पाच बायका आहेत. पुढे बाजारात एकीच्या नावाचा चौकोन आहे, बाकीच्या चौघींना तो अजून मिळवायचा आहे.